समुपदेशक मॅडम, बेपत्ता माणसं आणि कोल्हापूरचा पावसाळा: कादंबरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी वाचून झाल्यावर, आणि बऱ्याचदा हातात घ्यायच्या आधीच, वाचक जे विचारतात त्याची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. रहस्य कुठंही फोडलेलं नाही, पण सुनेविषयीचं आणि शेवटाविषयीचं उत्तर कादंबरी वाचून झाल्यावरच वाचा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एक बाई समुपदेशन केंद्र चालवतात. अख्खी गल्ली त्यांना 'मॅडम' म्हणते, म्हणून कादंबरीतही त्यांचं नाव येत नाही. एका पावसाळ्यात त्यांच्याकडं येणारी तीन माणसं एकामागून एक नाहीशी होतात: उद्यमनगरच्या फौंड्रीत मोल्डिंगला असलेला एक पोरगा, कसबा बावड्यातली एक सून आणि शिवाजी पेठेतले निवृत्त गुरुजी. तिघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. तिघांना जोडणारा एकच धागा पोलिसांच्या हाती लागतो, तो म्हणजे मॅडम. आणि त्या तिघांनी बंद दाराआड जे सांगितलं, ते बाहेर बोलायची मॅडमना मोकळीक नाही.

ही सत्यघटना आहे का?

नाही. तिन्ही पात्रं, त्यांची घरं, त्यांचं नाहीसं होणं, सगळं मनचं आहे. ज्या घरातलं माणूस खरोखर परतलेलं नाही त्या घरात आजही दाराची कडी वाजली की सगळे उठून उभे राहतात. त्यांच्या दुःखावर रहस्यकथा रचणं मला मान्य नाही. गावं, रस्ते, नदी आणि कायदा मात्र खरे आहेत, आणि ते खरेच राहावेत याची काळजी घेतली आहे.

मॅडम डॉक्टर आहेत ना? मग गोळ्या का लिहून देत नाहीत?

मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, सायकिअ‍ॅट्रिस्ट नव्हेत. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार त्यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं असावी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्यानं आली. मॅडमच्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र पहिल्याच प्रकरणात दिसतं, ते उगाच नाही.

आपल्याकडं मात्र पाटी कुणीही लावतं. आठवडाभराचं शिबिर करून 'समुपदेशक' झालेली माणसं आहेत, आणि कादंबरीत तसं एक पात्र आहेही. ते कोण हे ओळखायला वाचकांना फार वेळ लागत नाही.

मॅडम पोलिसांना सगळं सांगून का टाकत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा चिडून येतो. माणूस गायब झालंय आणि ही बाई नियम काय धरून बसलीय, असं. ती चीड रास्त आहे, आणि अख्खी कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याच्या कलम २३नुसार उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती गुप्त राखणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला अपवाद आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा न्यायालयाचा, सक्षम यंत्रणेचा आदेश असेल, तर सांगता येतं. पण दुसऱ्या कुणाला वाचवायचं असेल तेव्हासुद्धा त्या धोक्यापुरती जितकी गरज तितकीच माहिती द्यायची, जास्त नाही.

आता मॅडमच्या जागी बसून बघा. फौंड्रीतला पोरगा शेवटच्या भेटीत म्हणतो, "मॅडम, मला हितं ऱ्हायचंच न्हाई." हे जिवाला धोका म्हणून ऐकायचं, की गाव सोडायचंय म्हणून? त्याच्या घरच्यांना न कळलेली एक गोष्ट त्यानं मॅडमना सांगितली आहे. ती पोलिसांना कळली तर तो सापडायला मदत होईल, आणि घरच्यांना कळली तर सापडल्यावर त्याची खैर नाही. फौजदार समोरच्या खुर्चीत बसलेत. मॅडम बराच वेळ गप्प राहतात आणि एवढंच म्हणतात, "त्याच्या जिवाला धोका असू शकतो. मिरजेच्या बाजूला शोधा." फौजदार विचारतात, "मिरजच का?" त्यावर उत्तर येत नाही. कायद्यातलं 'जितकी गरज तितकीच' हे एका खोलीत, दोन माणसांत, असं दिसतं.

यात आणखी एक पेच आहे. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या पुरावा कायद्यानं संरक्षण दिलंय. डॉक्टर किंवा समुपदेशक आणि त्यांच्याकडं येणारा माणूस यांच्या बोलण्याला तसं संरक्षण नाही. तपास अधिकाऱ्यानं साक्षीदार म्हणून बोलावून विचारलं तर खरं सांगायचं बंधनही कायद्याचंच. म्हणजे मॅडम दोन्ही बाजूंनी कायद्यातच अडकलेल्या आहेत. ज्यांना त्या हट्टी वाटतात त्यांनी दहावं प्रकरण पुन्हा वाचावं अशी माझी विनंती आहे. त्यात मॅडमच्या जुन्या पेशंटपैकी एक बाई जिन्यात थांबून विचारते, "माझं बी सांगशीला का मॅडम, कुणी इचारलं तर?"

माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबायला लागतं ना? कादंबरीत लगेच तक्रार कशी घेतली?

थांबायला लागत नाही. हा समज सिनेमांनी पसरवलाय आणि त्यानं फार नुकसान केलंय, कारण पहिले काही तासच सगळ्यांत मोलाचे असतात. सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं नसतं, मोबाइल चालू असतो, रिक्षावाल्याला चेहरा आठवत असतो.

प्रौढ माणूस असेल तर पोलीस ठाण्यात 'मिसिंग' दाखल होते. खबर देणाऱ्याचा जबाब घेतात, मिसिंग रजिस्टरचा नंबर देतात, वर्णन आणि फोटो इतर ठाण्यांना जातो, मोबाइलचं लोकेशन आणि सीडीआर, म्हणजे कुणाकुणाशी फोन झाले त्याची नोंद, काढतात. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलंय की हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण झालंय असं गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा.

वर्णन लिहून घेतात तो प्रसंग लिहिताना मी सर्वांत जास्त थांबले. हवालदार विचारत जातात, "उंची? बांधा? रंग? नाक? अंगात काय होतं?" पोराची आई उंची सांगते, रंग सांगते आणि शर्टापाशी अडते. निळा की करडा ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वरून तिसरं बटण तिनं दुसऱ्या शर्टाचं काढून लावलं होतं, पांढरं, बाकीच्यांपेक्षा मोठं. हवालदार ते लिहितात. पुढं हेच बटण महत्त्वाचं ठरतं, एवढंच इथं सांगते.

बावड्याची सून सापडते, तरी पोलीस तिला घरी का आणत नाहीत?

कारण ती सज्ञान आहे. प्रौढ माणसानं आपल्या मर्जीनं घर सोडणं हा गुन्हा नाही. ती सापडल्यावर पोलीस तिचा जबाब घेतात, मर्जीनं गेली असेल तर मिसिंगची नोंद बंद करतात, आणि कुठं राहायचं ते ती ठरवते. बऱ्याच वाचकांना हे 'अर्धवट' वाटलं. मला तो कादंबरीतला सर्वांत समाधानाचा प्रसंग वाटतो. सगळं गाव जिला शोधत होतं, तिला कुणी तरी पहिल्यांदाच विचारतं की तुझं काय म्हणणं आहे.

हायकोर्टाचा प्रसंग कोल्हापुरातच कसा?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. माणूस कुणाच्या बेकायदा ताब्यात आहे असं वाटलं की नातेवाईक हेबियस कॉर्पसची, म्हणजे त्या माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी, याचिका करतात. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची गाडी, वकिलाची फी, लॉजचा खर्च, यातच कित्येक आईबापांचा धीर सुटायचा. इथल्या वकिलांनी आणि लोकांनी या बेंचसाठी कित्येक वर्षं आंदोलन केलं. कादंबरीतली मावशी चप्पल घालून चालत कोर्टात जाते ते वाक्य मी फार मनापासून लिहिलंय.

गोष्ट कोल्हापुरातच का घडते? पुण्यामुंबईत जास्त शोभली असती.

मोठ्या शहरात माणूस हरवणं सोपं आहे, म्हणूनच तिथं रहस्य पातळ होतं. कोल्हापुरात माणूस हरवणं अवघड. इथं कुणाचा कोण हे चार वाक्यांत निघतं: कुठली पेठ, कुठली तालीम, मामा कुठले. अशा गावात कुणी दिसेनासं झालं तर कुणाला तरी ठाऊक असतंच, आणि ते कुणी तरी बोलत नसतं.

दुसरं कारण नकाशाचं. रेल्वे इथं संपते. कोल्हापुरातून सुटणारी प्रत्येक गाडी मिरजेवरूनच पुढं जाते. पुणे-बेंगळुरू हायवेनं कागल ओलांडलं की कर्नाटक, म्हणजे दुसरं राज्य, दुसरे पोलीस, दुसरी भाषा. पश्चिमेला गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरीकडून फोंडा, मलकापूरवरून आंबा घाट. सगळे कोकणात उतरतात. चार दिशांना चार वेगळी जगं आहेत आणि पळणाऱ्यानं कुठली दिशा निवडली यावरून त्याचं मन कळतं. मॅडम तपास करत नाहीत, पण एवढं त्यांना नक्की वाचता येतं.

महापूर कुठल्या वर्षीचा आहे?

कादंबरीतला पूर काल्पनिक आहे. पाण्याचं वागणं मात्र २०१९ आणि २०२१ मधलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं शहराच्या नळांना पाणी नव्हतं. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरातली माणसं घड्याळ बघायला लागतात, कारण ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास असतात.

कथेत पूर नुसती पार्श्वभूमी म्हणून येत नाही. रस्ते बंद झाल्यावर बाहेर पडलेलं माणूस परत येऊ शकत नाही आणि आत असलेलं बाहेर जाऊ शकत नाही. तोवर 'ते कुठं गेले' असं विचारणारे पोलीस त्या रात्रीपासून 'ते शहरात कुठं आहेत' असं विचारायला लागतात. तिथून पुढची शंभर पानं मी एका दमात लिहिली.

रंकाळ्यावर काहीच का घडत नाही?

रहस्यकथा म्हटली की रंकाळा आणि पन्हाळा यावेच लागतात असं काहींना वाटतं. मला ते नको होतं. रंकाळ्यावर लोक भेळ खायला आणि फिरायला जातात, कादंबरीतही तेवढ्यासाठीच जातात. त्यापेक्षा गंगावेशीतला दूधकट्टा मला जवळचा. म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढलेली, फेसाळ दूध पेल्यात. फौंड्रीतला पोरगा शेवटचा दिसतो तो तिथं, सेकंड शिफ्ट संपवून आलेला, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात मोबाइल. दूधवाल्याला तो आठवतो, कारण त्यानं पेला अर्धा ठेवला. तिथं अर्धा पेला कुणी ठेवत नाही.

मॅडम संमोहन करून सत्य का काढून घेत नाहीत? नार्को टेस्ट?

संमोहनात माणूस खरंच बोलतो हा गैरसमज आहे. त्या अवस्थेत माणूस सूचनेला जास्त वश होतो. जे घडलंच नाही तेही 'आठवतं' आणि ते खरंच आहे अशी त्याची खात्री पटते. त्यामुळं जबाबदार माणूस तपासासाठी त्याचा आधार घेत नाही.

नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीविना करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला. कादंबरीत फौजदार नार्कोचं नाव काढतात तेव्हा मॅडमचं उत्तर याच निकालावर बेतलेलं आहे.

माणूस स्वतःचं नाव-गावच विसरून दुसरीकडं राहायला लागतो, असं खरंच होतं का?

होतं, पण फार क्वचित. याला डिसोसिएटिव्ह फ्यूग म्हणतात. १८८७च्या जानेवारीत अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधले अ‍ॅन्सेल बोर्न नावाचे धर्मोपदेशक घरून निघाले आणि पेनसिल्व्हेनियात नॉरिसटाउनला वेगळ्या नावानं छोटं दुकान चालवायला लागले. साधारण दोन महिन्यांनी एका सकाळी ते जागे झाले तर आपण इथं कसे, हेच त्यांना कळेना. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं पुढं त्यांचा अभ्यास केला. आज याकडं वेगळा आजार म्हणून न पाहता स्मृतिलोपाचाच एक प्रकार म्हणून पाहतात.

गुरुजींच्या बाबतीत वाचक सगळ्यात आधी हाच अंदाज बांधतात. पण उतारवयातलं माणूस रस्ता चुकतं तेव्हा कारण बहुधा डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, असतं. गुरुजींची सून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रोज नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी चिठ्ठी देव्हाऱ्यासमोर सापडते, नीट घडी घालून. आता ती विसरून राहिली की काढून ठेवली, यावर घरात जे भांडण होतं ते वाचून ठरवा.

खलनायक मनोरुग्ण का नाही?

कारण तो सोपा आणि अन्यायाचा मार्ग आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट त्यांच्यावरच अन्याय होण्याची भीती जास्त. शेवटच्या पानावर 'तो वेडा होता' म्हणून सुटका करून घेणारी रहस्यकथा वाचली की ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार लिहिणाऱ्यानं केलाच पाहिजे. माझ्या कादंबरीत वाईट वागणारी माणसं पूर्ण शुद्धीत आहेत आणि त्यांचे हिशेब चोख आहेत.

बोली फार वापरलीय. बाहेरच्या वाचकाला कळेल?

कळेल. निवेदन साध्या मराठीत आहे, बोली फक्त संवादात. आणि ती सगळ्यांची सारखी नाही. फौंड्रीतला पोरगा "काय करायलाईस?" म्हणतो, गुरुजी छापील बोलतात, मॅडम समोरच्याप्रमाणं बदलतात. इथल्या मुली स्वतःबद्दल बोलताना सर्रास "मी आलो", "मी गेलो" म्हणतात. सुनेच्या मोबाइलवरून आलेल्या शेवटच्या मेसेजमध्ये "मी निघालो" असं असतं. नवीन बदली होऊन आलेले अधिकारी तो पुरुषानं लिहिलाय असं समजतात आणि तपास दोन दिवस भलतीकडं जातो.

शेवट अर्धवट का ठेवलाय?

तिघांपैकी दोघांचं काय झालं ते कळतं. तिसऱ्याचं कळत नाही. याबद्दल बरीच नाराजी माझ्यापर्यंत आली आहे आणि तरी मी हा शेवट बदलणार नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि अशा दुःखाला अस्पष्ट वियोग म्हटलं. माणूस गेलं हेही नक्की नाही, आहे हेही नक्की नाही. रडावं तर अशुभ बोलल्यासारखं, न रडावं तर दगड झाल्यासारखं. आपल्या कायद्यात सात वर्षं ज्याचा पत्ता लागला नाही तो मेला असं मानता येतं. तोवर बँकेतले पैसे, जमिनीचा सातबारा, विम्याची रक्कम, सगळं लटकलेलं.

आणि बाईचं काय? हेरवाड हे आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. राज्यभर त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण गुरुजींची बायको विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर शेजारणी जिन्यात कुजबुजतात. कुठल्या ठरावात तिचं नाव घालायचं? तिला उत्तर मिळालं असतं तर वाचकालाही दिलं असतं. तिला मिळत नाही आणि ते वाचकालाही मिळू नये, असं मी आधीच ठरवलं होतं.

दुसरा भाग येणार का?

नाही.

कादंबरी वाचून मन फार जड झालं. काय करू?

वाचन थांबवा, जवळच्या माणसाशी बोला. टेली मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन करायला आजारी असावं लागत नाही.

आमच्याच घरातलं माणूस सापडत नाहीये.

हे वाचत बसू नका. ११२ला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हद्द आपली नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर आग्रह धरा. अलीकडचा स्पष्ट फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर, औषधं चालू असतील तर त्यांची नावं आणि शेवटचं कुणाशी बोलणं झालं ते लिहून सोबत न्या. मिसिंग रजिस्टरचा नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव मागून घ्या. मूल असेल तर १०९८, वडीलधारं माणूस असेल तर १४५६७ या हेल्पलाइनही आहेत. बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग इथं घरातली वेगवेगळी माणसं एकाच वेळी पाठवा. आणि घरी कुणी तरी एक जण थांबा, फोन चार्ज करून.